काकाजींचा के-१००० विकायचा की वापरायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. काकाजींच्या कपाटात पेंटॅक्स के-१००० सापडला, सोबत ५० मिमी एफ/२ लेन्स आणि चामडी कव्हर. शटर 'टक्' वाजतं, उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई मात्र ढिम्म. हा विकून निकॉन एफएम२ घ्यावा का? आणि पुढे जुन्या मेकॅनिकल एसएलआरचा (आरशामुळे लेन्समधलंच दृश्य डोळ्याला दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांचा) संग्रह करायचा असेल, तर नागपुरात राहून काय काय सांभाळावं लागेल?

उत्तराआधी मीच एक विचारतो: कॅमेऱ्याची पाठ उघडलीत का? नसेल उघडली तर हात थांबवा. डावीकडच्या रिवाइंडच्या खुंट्याची घडी उलगडा आणि बाणाच्या दिशेने अगदी हलक्या हाताने फिरवा. मोकळा फिरला तर आत काही नाही. ताण लागला तर आत रोल आहे. मग खालचं बारीक बटण दाबा आणि ताण सुटेपर्यंत रोल गुंडाळून घ्या. त्यानंतरच पाठ उघडा. इतवारीत एका भंगारवाल्याकडून मी यशिका घेतला होता, त्यात असाच रोल निघाला. रंगीत होता, पण इतक्या वर्षांनी त्यातले रंग गेलेलेच असणार, म्हणून मी तो ब्लॅक अँड व्हाइटच्या डेव्हलपरमध्ये धुतला. छत्तीसपैकी तीन फ्रेम आल्या. एका फ्रेममध्ये लुनावर दोन पोरं आणि मागे घराचं अर्धं फाटक. कोणाची पोरं, कुठलं फाटक, काही कळायला मार्ग नाही. तुमच्या बाबतीत निदान ओळखायला घरचे लोक आहेत.

आता मीटर. के-१००० ला बटणाएवढा एक एलआर४४ सेल लागतो. खालच्या पत्र्यावरचं गोल झाकण नाण्याने फिरवा. आत पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर ती जुन्या सेलची गळती आहे. कान साफ करायच्या काडीवर व्हिनेगर घेऊन पूड पुसा, मग कोरड्या काडीने, मग नवा सेल घाला. बरेचदा सुई एवढ्यावरच जिवंत होते. या कॅमेऱ्याला मीटर बंद करायचा खटकाच नाही. लेन्सवर उजेड पडतोय तोवर मीटर चालू, म्हणून काम झालं की लेन्सचं झाकण लावायचं. नुसतं झाकण न लावल्याने सेल संपवून 'मीटर खराब आहे' म्हणणारे मी डझनभर तरी पाहिलेत.

आणि समजा सुई नाहीच हलली. शटरचं काही अडत नाही. १९७६ पासून १९९७ पर्यंत हा कॅमेरा बनत राहिला तो यामुळेच: सेल फक्त मीटरला लागतो, शटर पूर्णपणे स्प्रिंग आणि दातेरी चाकांवर चालतं. आपल्याकडे तर ऊन हेच मीटर आहे. लख्ख उन्हात लेन्सचं छिद्र एफ/१६ (आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) आणि शटर फिल्मच्या आयएसओइतकं, म्हणजे फिल्मच्या वेगाच्या आकड्याइतकं. १०० ची फिल्म असेल तर १/१२५ सेकंद, ४०० ची असेल तर १/५००. ढग आले की एफ/८, दाट ढग किंवा घराच्या सावलीत एफ/५.६. डिसेंबरातसुद्धा नागपुरात दुपारी सूर्य पंचेचाळीस अंशांवर असतो, त्यामुळे हा नियम वर्षभर चालतो. नवशिके मे महिन्यात एक चूक हमखास करतात. पारा पंचेचाळीसवर गेला म्हणून उजेडही वाढला असं समजून ते छिद्र आणखी बंद करतात. ऊन तापतं, पण उजेड तेवढाच असतो. उलट मेमधली हवा धुळकट असते. त्या दिवसांत अडचण वेगळीच येते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, माणसाची सावली पायाखाली जाते आणि डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबण्या येतात. त्या वेळी माणसांचे फोटो काढू नका, घरात बसून ताक प्या.

आता शटरकडे येऊ, कारण जुन्या कॅमेऱ्याची सगळी किंमत तिथे आहे. 'टक् वाजतं' याला मी तपासणी म्हणत नाही.

के-१००० मध्ये कापडाचे दोन पडदे आडवे धावतात. पहिला पडदा फिल्म उघडी करतो, दुसरा झाकतो. पडद्यांची धावण्याची गती नेहमी तीच असते. बदलतं ते दुसरा पडदा किती उशिरा सुटतो एवढंच. १/६० ला पहिला पडदा पूर्ण पलीकडे पोचल्यावर दुसरा निघतो, म्हणून फ्लॅश त्याच गतीपर्यंत चालतो. १/१००० ला दुसरा पडदा पहिल्याच्या अगदी मागोमाग निघतो आणि दोघांमधली जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची फट फिल्मवरून सरकत जाते. आता विचार करा, वंगण वाळलंय आणि पहिला पडदा किंचित रेंगाळतोय. १/१२५ ला तेवढ्याने काही बिघडत नाही. १/१००० ला मात्र दुसरा पडदा पहिल्याला गाठतो, फट वाटेतच मिटते आणि फोटोची एक बाजू काळी येते. म्हणून जुन्या कॅमेऱ्यात सगळ्यात वरची गती आधी जाते.

हळू गतींची गोष्ट निराळी. एक सेकंद, अर्धा, पाव या गती घड्याळासारख्या दातेरी चाकांच्या एका जोडणीवर चालतात. चाप दाबल्यावर किर्रर्र असा एकसारखा आवाज यायला हवा. आवाज मध्येच दमला, अडखळला, किंवा आरसा वर जाऊन वरच राहिला, तर तिथलं तेल गोंद झालंय. मधल्या गती, १/६० ते १/२५०, बहुतेक कॅमेऱ्यांत शेवटपर्यंत ठीक असतात.

घरी तपासायला फोन पुरतो. लेन्स काढा, पाठ उघडा, मागे दिवा ठेवा आणि फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. मग उजेड दिसणाऱ्या फ्रेम मोजा. एक सेकंदाला २४०, १/८ ला ३०, १/६० ला ४ यायला हव्यात. दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे झालं तर सोडून द्या, निगेटिव्ह फिल्म तेवढं पोटात घेते. त्यापुढच्या गती अशा मोजता येत नाहीत, त्यासाठी रोलवरची चाचणी शेवटी सांगतो. आणखी एक बघा: रात्री खोलीतले दिवे घालवून, शटर न दाबता, लेन्सच्या बाजूने टॉर्च मारा आणि मागून पडद्याकडे पाहा. आरसा बोटाने अलगद वर करावा लागेल, काचेला ठसा लागू देऊ नका. कापडात ताऱ्यांसारखे ठिपके दिसले तर पडद्याला भोकं आहेत आणि ती प्रत्येक फोटोत उतरणार.

अडखळणाऱ्या शटरवर लोक काय काय उपाय करतात ते मला विचारू नका, कारण सगळ्यात वाईट उपाय मीच केलाय. वय विशीतलं, धरमपेठेतल्या एका स्टुडिओत हाताखाली होतो. पहिला स्वतःचा कॅमेरा निकॉरमॅट, त्याचा एक सेकंद दोन सेकंद चालायचा. आईच्या शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. लगेच फरक! सगळ्यांना दाखवत फिरलो. दोन महिन्यांत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, ते तेल पातळ होऊन शटरच्या पात्यांवर पसरलं आणि पाती एकमेकींना चिकटून बसली. ज्या जुन्या मेकॅनिकने तो उघडला, तो म्हणाला, "बाप्पा, तेल सुकलं होतं तर ते आधी धुवावं लागते. तू तर चिखलात पाणी ओतून राहिला." जुनं वंगण काढून, धुऊन, मग सुईच्या टोकावर मावेल एवढं नवं तेल मोजक्या जागी, असं ते काम आहे. त्याला सर्व्हिसिंग म्हणतात आणि त्याचे पैसे कॅमेऱ्याच्या किमतीतच धरायचे. पडून राहिलेला कुठलाही कॅमेरा घ्या, सर्व्हिसिंगचा खर्च पुढ्यात आहेच.

पडून राहण्याबद्दल माझं मत पक्कं आहे. हे कॅमेरे वापरून मरत नाहीत, कपाटात मरतात. वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरकडचा, कोपऱ्यांवर काळा रंग उडून पितळ दिसणारा एफएम२ आणि चामडी कव्हरात वीस वर्षं झोपलेला चकाचक एफएम२ समोर ठेवले, तर मी पहिला उचलतो. तो रोज चालला आहे, बिघडला तेव्हा दुरुस्त झाला आहे. दुसऱ्याचं आत काय झालंय ते उघडल्यावरच कळणार. एके काळी माझ्याकडे तेवीस बॉडी होत्या. महिन्यातून एकदा प्रत्येकीचं शटर सगळ्या गतींवर चालवायचं म्हटलं तरी रविवार जायचा, आणि मी ते करत नव्हतो. आता सहा आहेत. संग्रहाचा तुमचा विचार मोडायचा नाही मला, पण आकडा ठरवताना दर महिन्याला किती चापांवर बोट जाणार आहे ते मोजा. आणि ठेवताना शटर ताणून ठेवू नका, मोकळं सोडून ठेवा.

मग एफएम२ घ्यावा का?

कॅमेरा म्हणून तो के-१००० च्या फार पुढे आहे, यात वाद नाही. १९८२ सालचा. पडदे कापडाचे नाहीत, धातूची पाती वरून खाली धावतात, म्हणून १/४००० गाठतो. फ्लॅशची गती सुरुवातीच्या मॉडेलला १/२००, नंतरच्या एफएम२एनला १/२५०. एनची खूण सोपी: क्रमांकाच्या आधी एन असतं. आपल्या उन्हात १/४००० चा उपयोग खरा आहे. ४०० ची फिल्म घालून दुपारी एफ/५.६ वर फोटो काढता येतो, के-१००० तिथे एफ/११ ला अडतो. पण दोन गोष्टी दुकानदार सांगत नाही. एक, मीटर चालू करायला रोल पुढे सरकवायची दांडी थोडी बाहेर ओढून ठेवावी लागते. तुम्ही डाव्या डोळ्याने बघत असाल तर ती दांडी थेट कपाळात घुसते. दुकानात डोळ्याला लावून बघितल्याशिवाय घेऊ नका. दोन, ती शटरची पाती कागदासारखी पातळ असतात. रोल भरताना अंगठा लागला की वाकली, आणि वाकलेलं पातं सरळ होत नाही. पाठ उघडून पात्यांवर उजेड तिरपा पाडा, खळगा किंवा बोटाचा ठसा दिसला तर परत द्या.

किमतीने तो के-१००० च्या दुप्पट-तिप्पट जातो. त्या फरकाच्या पैशांत तुमचा के-१००० सर्व्हिसिंग होऊन येतो, वर बरेच रोल येतात. रंगीत रोल, धुलाई, स्कॅन आणि कुरिअर धरून माझा हिशोब हल्ली एका फ्रेमला चाळीस-पन्नास रुपयांवर जातो. पहिल्या वर्षी पैसा फिल्मवर घाला.

बाकीच्यांबद्दल पटापट सांगतो. ऑलिंपस ओएम-१ माझा लाडका: हातात मावणारा, आणि व्ह्यूफाइंडर एवढा मोठा की खिडकीत उभं राहिल्यासारखं वाटतं. १९७२ ला तो एम-१ नावाने आला, लायकाने हरकत घेतल्यावर पुढच्या वर्षी ओएम-१ झाला. त्याचा जुना रोग म्हणजे प्रिझमवरचा फोम. तो विरघळून चांदीचा लेप खातो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये तपकिरी डाग दिसतात. डाग असेल तर घेऊ नका. यशिका एफएक्स-३ आपल्याकडे पुष्कळ सापडतो. त्याचं काळं कातडं हातात भुगा होऊन येतं, पण आत कॅमेरा ठणठणीत असतो, कातडं नवं चिकटवता येतं. सोव्हिएत झेनिट ई म्हणजे लोखंडी ठोकळा: गती १/३० ते १/५०० एवढ्याच, व्ह्यूफाइंडर अंधारा. मात्र त्याची हेलिओस ५८ मिमी एफ/२ लेन्स कॅमेऱ्यापेक्षा मोलाची. पाठीमागची झाडं गरगर फिरल्यासारखी येतात, ती हीच लेन्स. निकॉन एफएम१० प्लॅस्टिकचा वाटतो, आणि तो निकॉनने नाही तर कोसिनाने बनवलेला, पण शिकायला वाईट नाही. कॅनन एई-१ सुंदर कॅमेरा आहे, पण तुमच्या यादीत बसत नाही. शटर इलेक्ट्रॉनिक असल्याने सेल संपला की तो पेपरवेट.

ओएम-१, निकॉरमॅट, मिनोल्टा एसआरटी-१०१ या पिढीची एक गोची आहे. त्यांची मीटरं १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर जुळवलेली, आणि ते सेल बाजारातून कधीच गेले. साधा १.५ व्होल्टचा सेल घातला तर मीटर चुकतं, आणि सेल उतरत जातो तशी चूकही बदलत जाते. धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांच्या आसपास श्रवणयंत्रांची दुकानं आहेत, तिथे ६७५ नंबरचा सेल मागा. त्याचा दाब १.४ व्होल्ट, जवळजवळ शेवटपर्यंत स्थिर. आकार लहान पडतो, भोवती रबराची किंवा तारेची कडी बसवावी लागते. तो हवेवर चालतो. चिकटपट्टी काढली की त्याचं आयुष्य सुरू होतं, आणि आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो लवकर वाळतो. सहाचं पाकीट घ्या.

संग्रह करायचाच असेल तर एक माउंट, म्हणजे लेन्स बॉडीवर बसवायची एकच जोडणी, धरा. तुमच्याकडे के-माउंट आहे, तिथेच राहा. तीन कंपन्यांच्या तीन बॉडी आणि प्रत्येकीला एकच लेन्स, असा संसार मी केलाय. लग्नाला जाताना नेमकी हवी ती लेन्स दुसऱ्याच कॅमेऱ्याची निघायची.

फोमचं काम मात्र तुम्ही स्वतः करा. पाठीच्या दाराभोवतीच्या खाचांत आणि आरसा आपटतो तिथे फोमची पट्टी असते. बोट लावून बघा. डांबरासारखी चिकटली तर ती गेली. बांबूच्या काडीने खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि हे करताना पाठ खाली ठेवा, म्हणजे चुरा शटरमध्ये न पडता बाहेर पडेल. खाचेसाठी तयार फोम मिळाला तर उत्तम. नाही तर बर्डीच्या बाजारातून काळ्या लोकरीची एक गुंडी आणा. खाचेच्या रुंदीएवढा एक पदर थोड्या गोंदावर बसवला की उजेड बंद. माझ्या एका कॅमेऱ्यात सात वर्षं लोकरच आहे.

आता नागपूरची हवा. मुंबई-कोकणातल्यांपेक्षा आपण नशीबवान आहोत. दमट हवेत तिकडच्या लेन्सांना बुरशी लागते, आपला उन्हाळा हाडं वाळवतो. पण घरात कूलर आहे ना? बाहेर दुपारी हवेत ओलावा वीस टक्क्यांच्या आसपास, आणि कूलरच्या खोलीत साठ-सत्तर. तीन महिने दार-खिडकी अर्धी उघडी ठेवून आपण त्या खोलीचा कोकण करतो आणि नेमका कॅमेरा त्याच खोलीतल्या कपाटात असतो. माझ्या दोन लेन्सा पावसाळ्याने नाही, कूलरने घालवल्या. समोरची भिंत ओली लागते तिथे कॅमेरा ठेवू नका. त्यातून चामडी कव्हर म्हणजे बुरशीचं माहेर. ते वेगळं ठेवा, आठवण म्हणून.

ठेवायला धान्याचा घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि ओलावा दाखवणारं छोटं यंत्र. चाळीस ते पन्नास टक्के असला की ठीक. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं, पण तवा जुना, वेगळा काढलेला घ्या. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतो, पोळीच्या तव्यावर तो नको. आणि पोळीच्या तव्यावर काही करताना सापडलात तर कोबाल्टपेक्षा मोठं संकट उभं राहतं, हे वेगळं सांगायला नको.

उष्णतेचंही ऐका. गाडीच्या डिक्कीत, स्कूटरच्या सीटखाली, मेच्या दुपारी कॅमेरा कधीही नको. लेन्सच्या फिरत्या कड्यातलं ग्रीस वितळून छिद्राच्या पात्यांवर जातं, पाती चिकटतात आणि एफ/१६ लावूनही छिद्र उघडंच राहतं. तुमच्या लेन्सची तपासणी अशी: बॉडीवरून काढा, मागचा बारीक खटका बोटाने हलवून सोडा. पाती फट्‌कन मिटली पाहिजेत. रेंगाळली तर तेल आलंय. रोलचंही तेच. सीटखाली एक दुपार तापलेला रंगीत रोल मी धुतलाय, सगळे फोटो कावीळ झाल्यासारखे आले. रोल फ्रिजमध्ये ठेवा, वापरण्याआधी दोन-तीन तास डबीसकट बाहेर काढून ठेवा. पावसाळ्यात गार डबी लगेच उघडली तर फिल्मवर दव बसतं.

रोल धुण्याचं काय? इथल्या मिनीलॅब एकेक करून मिटल्या. रंगीत रोल मी मुंबई-पुण्याला कुरिअरने पाठवतो, तोही शक्यतो हिवाळ्यात. स्वस्त म्हणून सिनेमाची फिल्म भरलेले रोल घेणार असाल तर आधी लॅबला विचारा. तसल्या फिल्मच्या मागे बरेचदा काजळीचा काळा थर असतो, तो साध्या रंगीत रसायनात गेला तर सगळी टाकी नासते, म्हणून बऱ्याच लॅब तो रोल घेत नाहीत.

ब्लॅक अँड व्हाइट मात्र घरी धुवा. अर्धी मजा तिथे आहे. सगळी पुस्तकं २० अंश सेल्सिअस सांगतात. आपल्याकडे मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. एचपी५ प्लस फिल्म, डी-७६ डेव्हलपर जसाच्या तसा, पाणी न मिसळता, २० अंशांवर साडेसात मिनिटं. २४ वर तेच काम सव्वापाचच्या आसपास होतं. पाचाच्या खाली गेलात की डाग, पट्टे, असमान धुलाई. म्हणून उन्हाळ्यात डेव्हलपरमध्ये तेवढंच पाणी मिसळा. मग २० अंशांवर अकरा मिनिटं लागतात, २४ वर पावणेआठ-आठ, आणि हात शांत राहतो. ते पाणी मी माठातून घेतो. बाहेर हवा जितकी कोरडी तितका माठ गार. ऐन मेमध्ये माझ्या थर्मामीटरवर माठातलं पाणी २४-२५ भरतं, बर्फाची गरजच नाही. गंमत म्हणजे जुलैत, हवा दमट झाली की, तोच माठ काही कामाचा राहत नाही आणि तपेलीत बर्फ टाकून बाटल्या त्यात उभ्या कराव्या लागतात. डेव्हलपर, हायपो (फोटो पक्का करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणी, तिन्हींचं तापमान जवळपास सारखं ठेवा. माठाचं पाणी मोजकंच असतं, तेव्हा नळाखाली धरण्यापेक्षा टाकी भरून पाच वेळा उलटी-सुलटी करा, पाणी बदला, मग दहा वेळा, मग वीस वेळा. एवढ्यात फिल्म स्वच्छ होते. शेवटचं पाणी इन्व्हर्टरमध्ये घालतो ते डिस्टिल्ड वॉटर, नाही तर वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात.

आणि फिल्म टाकीत भरायच्या काळ्या पिशवीत दुपारी हात घालू नका. पाच मिनिटांत मनगटापर्यंत घाम, फिल्म रिळात चढता चढत नाही, आणि एकदा घाम लागलेली फिल्म कधीच सुटी होत नाही. पहाटे पाचला भरा. मी टाकी भरून ठेवतो आणि मग चहा घेतो.

एक मोठी चूक माझ्याकडून ऐकून ठेवा, म्हणजे तुमचा एक रोल वाचेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली. काळी, पिवळी, मागे बडगे, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत'चा गजर, आणि मी गर्दीत घुसून दोन तास फोटो काढतोय. आकडा छत्तीसवर गेला, अडतीस, चाळीस. मी खूश, चार फोटो फुकट! बेचाळिसाव्याला पोटात गोळा आला. फिल्मचं टोक पहिल्याच वळणावर सुटलं होतं. मोजणीचा आकडा दांडी मोजतो, फिल्म मोजत नाही. मारबत वर्षातून एकदाच निघते. तेव्हापासून पाठ बंद केली की आधी रिवाइंडचा खुंटा फिरवून ढील काढतो, आणि पुढे प्रत्येक वेळी दांडी ओढताना तो खुंटा उलटा फिरतोय का ते बघतो. फिरला तर फिल्म चालली.

आता तुमचा पहिला रोल. १०० आयएसओची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म घ्या. सकाळी दहाच्या लख्ख उन्हात गल्लीतली एखादी साधी विटांची भिंत निवडा, भिंतीवर सगळीकडे सारखं ऊन हवं. पाच फोटो: १/६० ला एफ/२२, १/१२५ ला एफ/१६, १/२५० ला एफ/११, १/५०० ला एफ/८, १/१००० ला एफ/५.६. पाचही वेळा फिल्मवर उजेड तेवढाच पडतो. क्रम वहीत लिहा. उरलेल्या रोलवर मनाला येईल ते काढा, फुटाळा तलावावर संध्याकाळी गेलात तरी चालेल. धुऊन आल्यावर ती पाच निगेटिव्ह खिडकीशी धरा. जी फ्रेम इतरांपेक्षा फिकट, ती गती जास्त पळते, जी काळपट ती रेंगाळते. फ्रेमच्या एकाच कडेला विरळ पट्टा असेल तर पडदा पडद्याला गाठतोय. एकटी १/१००० ची फ्रेम बिघडली असेल तर त्या आकड्याला हात न लावता वर्ष काढता येतं, सर्व्हिसिंग पुढच्या हिवाळ्यात.

पाचही एकसारखी निघाली तर कॅमेरा विकू नका. विकायचाच असेल तर आधी मला कळवा. के-माउंटच्या दोन लेन्सा माझ्याकडे बॉडीविना पडून आहेत.